वाचतं, पण लिहीत नाही : पायथनच्या 'टॉमललिब'चं प्रकरण

ऑक्टोबर २०२२ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.११ आवृत्ती आली आणि तिच्यासोबत टॉमल फाइली, म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंग लिहून ठेवायच्या साध्या मजकुराच्या फाइली, वाचणारं एक नवं मॉड्यूल आलं, टॉमललिब. त्याच्या माहितीचं पान उघडलं की दोनच फंक्शनं दिसतात, लोड आणि लोड्स. पहिलं फाइल वाचतं, दुसरं स्ट्रिंग. मग आपण सवयीने खाली सरकत जातो, जोडीचं, लिहिणारं डम्प शोधतो, ते सापडत नाही आणि आपल्याच नजरेतून सुटलं असं समजून पान पुन्हा वरून वाचतो. जेसन या फॉरमॅटच्या मॉड्यूलला लोडसोबत डम्प आहे. पायथनचा डेटा साठवणाऱ्या पिकलला आहे. ॲपलच्या प्लिस्ट फाइलींसाठी असलेल्या प्लिस्टलिबला आहे. टॉमललिबला मात्र नाही.

वेळ पुरला नाही म्हणून ते राहून गेलं, असं झालेलं नाही. ते मुद्दाम वगळलं आणि का वगळलं तेही लिहून ठेवलं. मला सुरुवातीला हा शुद्ध आळस वाटला होता. आता तसं वाटत नाही. पण या निर्णयाची किंमत कुणाच्या खिशातून गेली, तेही बघायला हवं.

किल्ली कपाटात

गोष्ट टॉमलच्या आधीपासून सुरू होते. पायथनचं पॅकेज कसं बांधायचं हे पूर्वी 'सेटअप डॉट पाय' या फाइलमध्ये लिहिलेलं असायचं. ही नुसती कॉन्फिग फाइल नव्हे, चालणारा प्रोग्राम होता. पॅकेज बांधायला कोणकोणती साधनं लागतात ते त्या प्रोग्रामच्या आत. ते कळायचं तर प्रोग्राम चालवायला हवा, आणि तो चालायचा तर तीच साधनं आधी हजर हवीत. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून दार ओढून घ्यावं, तशी गत.

पायथनमध्ये मोठा बदल करायचा तर आधी त्याचा लेखी प्रस्ताव मांडावा लागतो, त्याला पेप म्हणतात. मे २०१६ मध्ये ब्रेट कॅनन, नॅथॅनिएल स्मिथ आणि डोनाल्ड स्टफ्ट यांनी पेप ५१८ मांडला. म्हणणं सरळ होतं: साधनांची यादी न चालणाऱ्या, फक्त वाचायच्या फाइलमध्ये ठेवा. त्या फाइलचं नाव ठरलं 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल'.

टॉमलच का, याचा हिशेब त्या पेपमध्ये आहे आणि तो आजही वाचण्यासारखा आहे. जेसन हाताने लिहायला कटकटीचं, शिवाय त्यात कॉमेंट लिहिता येत नाही. यॅमल या दुसऱ्या फॉरमॅटचं स्पेसिफिकेशन कागदावर छापलं तर ८६ पानं होतात. वर पायथनमधली प्रचलित यॅमल लायब्ररी तेव्हा नेहमीच्या लोडनेच फाइलमधून नको तो कोड चालवू शकत असे. सेटिंगच्या फाइली वाचणारं-लिहिणारं कॉन्फिगपार्सर तर पायथनच्या घरचंच, पण त्याच्या फॉरमॅटला लेखी नियम नाहीत, आणि पायथन २ व ३ मधली त्याची रूपंही एकमेकांशी पूर्ण जुळत नव्हती. उरलं टॉमल. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ते २०१३ मध्ये मांडलं होतं. नियम मोजके, तारीख-वेळ हा स्वतंत्र प्रकार, आणि '#' लावून हवी तिथे कॉमेंट.

कॉमेंटचा हा मुद्दा लक्षात असू द्या. पुढे डम्प अडलं ते तिथेच.

पेप ५१८ ने किल्ली एका कपाटातून काढली खरी, पण ठेवली दुसऱ्या कपाटात. कारण पायथनला स्वतःला टॉमल वाचता येत नव्हतं. पॅकेज बसवणाऱ्या पिपने ती फाइल वाचायची कशी? त्यासाठी एखादी टॉमल लायब्ररी बसवावी म्हणाल, तर बसवणारा पिपच. शेवटी पिपने दुसऱ्याची लायब्ररी उचलून स्वतःच्या पोटातच ठेवली. याला व्हेंडर करणं म्हणतात. पिपसारखं साधन हे नेहमीच करतं, त्यात गैर काही नाही. अडचण होती ती पोटात कोणाला ठेवायचं याची.

आधी आली पायटॉमल. पुढे तिच्या मेन्टेनरने हात वर केले आणि लायब्ररीच्या पानावर लिहून ठेवलं की आता हिचं काम थांबलंय, 'टॉमल' नावाची लायब्ररी वापरा. पिपही तिकडे गेला. मग ती टॉमलही थंडावली. तिचं ०.१०.२ हे रिलीज नोव्हेंबर २०२० चं, आणि टॉमल फॉरमॅटची १.० आवृत्ती आली जानेवारी २०२१ मध्ये. म्हणजे नियम पक्के झाले तेव्हा ते वाचणारी सर्वांत परिचित लायब्ररी दोन महिने आधीच झोपी गेली होती. एकाच यादीत आकडा आणि स्ट्रिंग शेजारी ठेवायला १.० परवानगी देतं. जुनी लायब्ररी त्यावर अडखळते. २०२१ मध्ये टॅनेली हुक्कीनेन यांची टॉमली आली. छोटी, शुद्ध पायथनमध्ये लिहिलेली, १.० चे नियम पाळणारी, आणि फक्त वाचणारी. पिपने पुन्हा लायब्ररी बदलली, ही तिसरी.

लिनक्सची वितरणं बांधणाऱ्यांचं दुखणं वेगळंच. पोटातला कोड सुटा करून त्याचं स्वतंत्र पॅकेज करायचं, ही त्यांची शिस्त. पण टॉमल वाचणारी लायब्ररी बांधायला जे साधन लागतं, त्यालाच बांधकामाची फाइल वाचायला टॉमल लायब्ररी लागते. त्यांचं हे चक्र कुठून तरी हाताने फोडावंच लागायचं.

पेप ६८०

जानेवारी २०२२ मध्ये हुक्कीनेन आणि शंतनू जैन यांनी पेप ६८० मांडला, पेट्र व्हिक्टोरिन त्याचे प्रायोजक. मागणी एवढीच, की टॉमलीचा कोड पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे पायथनसोबतच मिळणाऱ्या मॉड्यूलांत, घ्यावा. फेब्रुवारीत तो मंजूर झाला. इतक्या चटकन, कारण फॉरमॅट १.० ला पोचला होता आणि गरजेवर वाद उरला नव्हता.

नाव 'टॉमल' ठेवता आलं नाही. पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यावर, ते नाव आधीच गेलेलं, आणि झोपलेली असली तरी ती लायब्ररी असंख्य प्रकल्पांत वापरात. स्टँडर्ड लायब्ररीत त्याच नावाचं पण वेगळ्या वागणुकीचं मॉड्यूल आलं असतं तर त्या सगळ्यांच्या गाड्या रुळावरून घसरल्या असत्या. म्हणून प्लिस्टलिबच्या चालीवर टॉमललिब.

दुसरी गोष्ट नवख्यांना हमखास खटकते. लोडला दिलेली फाइल बायनरी मोडमध्ये उघडलेली लागते. साध्या टेक्स्ट मोडमध्ये दिली तर ते सरळ नाकारतं. हा काय छळ, असं पहिल्यांदा मलाही वाटलं. पण टॉमलचा नियम आहे की फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच (अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत) असली पाहिजे, आणि टेक्स्ट मोडमध्ये एन्कोडिंग सांगायचं विसरलं तर विंडोजवरचं पायथन मशीनचं स्थानिक संकेतपृष्ठ धरतं, पुष्कळ मशीनवर ते पश्चिमी १२५२ असतं. इंग्रजी फाइलवर काहीच कळत नाही. मराठीवर लगेच कळतं.

पायप्रोजेक्ट फाइलमध्ये लेखकाच्या जागी 'आनंद' लिहा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं. १२५२ ने ती फाइल वाचली तर एरर येत नाही, आनंदच्या जागी एकेका अक्षराची तीन-तीन फ्रेंच-जर्मन वळणाची चिन्हं येतात आणि तीच पॅकेजसोबत जगभर जातात. आता 'प्रकाश' लिहून बघा. प्रोग्राम जागीच कोसळतो. कारण जोडाक्षरातल्या हलन्ताचा तिसरा बाइट १२५२ मध्ये कोणत्याच चिन्हाला दिलेला नाही. ऱ्हस्व उकाराचं तेच, 'ए', 'ऐ' आणि 'झ' यांचंही तेच. म्हणजे आनंद गुपचूप बिघडतो आणि प्रकाश बोंब मारतो. दोघांत प्रकाश बरा. बायनरी मोडची सक्ती या दोघांनाही वाचवते, कारण मग बाइटचा अर्थ लावायचं काम टॉमललिबकडेच राहतं आणि ते यूटीएफ-८ सोडून दुसरं काही मानत नाही. ओळींच्या शेवटांबद्दलही तसंच आहे, पण त्यात शिरत नाही.

डम्प का नाही

आता मूळ प्रश्न. पेपमधली कारणं नुसती वाचण्यापेक्षा एक छोटा प्रयोग करून बघितला तर ती लवकर पटतात, म्हणून आधी कॉन्फिगपार्सरकडे जाऊ. ते वाचतंही आणि लिहितंही, आणि नुसतं लिहू दिलं तर काय होतं त्याचा नमुना ते आपल्यासमोर अनेक वर्षं मांडतंय.

एका कामाच्या ठिकाणी मी आवृत्तीचा आकडा वाढवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. कॉन्फिगपार्सरने फाइल वाचायची, एक आकडा बदलायचा, परत लिहायची. दहाएक ओळींचं काम. पहिल्यांदा चालवली आणि बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये फरक पाहिला तर एका ओळीऐवजी सगळी फाइल लाल-हिरवी. सगळ्या कॉमेंट गेल्या होत्या. की, म्हणजे प्रत्येक सेटिंगचं नाव, त्यातली मोठी इंग्रजी अक्षरं छोटी झाली होती. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मी न मागता जागा सुटली होती. गेलेल्या कॉमेंटांत एक आमच्या वरिष्ठांची होती: ही लायब्ररी याच्या पुढच्या आवृत्तीवर नेऊ नका, जुन्या सर्व्हरवर अडतं. ती वाचून कुणीतरी केव्हातरी वाचलं असणार. मी ती न वाचताच पुसली होती.

यात कॉन्फिगपार्सरची चूक कुठे आहे? त्याने फाइल वाचली, तिचा अर्थ डिक्शनरीसारख्या रचनेत ठेवला आणि त्या रचनेतून नवी फाइल काढली. डिक्शनरीत की आणि व्हॅल्यू मावतात. 'हे हलवू नका' ही ओळ तिथे कुठे ठेवणार? वाचताना जे गळतं ते लिहिताना परत येत नाही.

जेसनमध्ये हे कधी जाणवलं नाही, कारण तिथे गळायला कॉमेंटच नसतात. जावास्क्रिप्टचं पॅकेज साधन एनपीएम आपली पॅकेज डॉट जेसन दिवसात दहा वेळा पुन्हा लिहितो आणि कुणाचं काही हरवत नाही. टॉमल निवडलं तेच मुळी माणसाने हाताने लिहावं, शेजारी चार शब्द टिपावेत, ओळी आपल्या सोयीने लावाव्यात म्हणून. ज्या गुणासाठी सून घरात आणली, तोच गुण आता सासूला अडचणीचा. जेसनसारखं डम्प टॉमलला दिलं असतं तर लोकांनी ते पहिल्यांदा वापरलं असतं ते पायप्रोजेक्ट फाइल 'जरा बदलून' परत लिहायला. आणि स्टँडर्ड लायब्ररीतलं फंक्शन म्हणजे पायथननेच दिलेला रस्ता, असं समजून निर्धास्तपणे.

मग कॉमेंट सांभाळणारंच डम्प का नाही द्यायचं? तशी लायब्ररी आहे: टॉमलकिट. पायथन प्रकल्प सांभाळणारं पोएट्री हे साधन चालतं तेच तिच्यावर; 'पोएट्री ॲड' म्हटलं की तुमच्या फाइलमध्ये नेमकी एक ओळ वाढते, बाकी सगळं जसंच्या तसं. पण त्यासाठी टॉमलकिटला साधी डिक्शनरी देऊन भागत नाही. प्रत्येक व्हॅल्यूसोबत तिच्या आजूबाजूची जागा, अवतरणचिन्हं, मागची कॉमेंट असं सगळं बिऱ्हाड बांधून द्यावं लागतं. मिळणारी वस्तू डिक्शनरीसारखी वागते, पण ती साधी डिक्शनरी नसते. कोडही टॉमलीच्या साधारण पाचपट. पेपमध्ये एक वाक्य असं आहे, की खुद्द टॉमलकिटच्या लेखकालाच ती स्टँडर्ड लायब्ररीसाठी योग्य वाटत नाही. आपली लायब्ररी पायथनमध्ये घेऊ नका, असं तिचा लेखकच म्हणतोय! मला त्या सगळ्या चर्चेत सर्वांत आवडलेली गोष्ट ही.

बरं, कॉमेंट सोडून देऊ. नवीकोरी फाइल लिहायची आहे, जुनं काही सांभाळायचं नाही. तरी प्रश्न संपत नाहीत. लांब यादी एका ओळीत की एकेक ओळीवर? आतली टेबलं कंसात गुंडाळायची की स्वतंत्र मथळ्याखाली? स्ट्रिंगला एकेरी अवतरण की दुहेरी? आणि टॉमलमध्ये 'नल', म्हणजे 'काहीच नाही' दाखवणारी व्हॅल्यू, ही चीजच नाही. मग पायथनमध्ये तेच दाखवणाऱ्या 'नन'चं करायचं काय? झोपलेली टॉमल लायब्ररी अशी नोंद गुपचूप गाळून टाकते. टॉमली-डब्ल्यू ही लिहिणारी लायब्ररी एरर देऊन थांबते. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण पहिल्या बाजूचे लोकही वेडे नाहीत. त्यांच्या कामात 'नाही' आणि 'लिहिलंच नाही' यांत फरक नसतो. वाचण्यात असले मतभेद निघत नाहीत. एका टॉमल फाइलचा अर्थ एकच, तो स्पेसिफिकेशन ठरवतं. तोच अर्थ लिहायच्या तऱ्हा मात्र अनेक.

आणि स्टँडर्ड लायब्ररीत एकदा ठरलं की ठरलं. पेपवाल्यांनी हे स्पष्टच म्हटलंय, की इथे बरोबर करायची संधी एकदाच मिळते. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर पुन्हा कॉन्फिगपार्सरकडे बघा. त्यातला सेफकॉन्फिगपार्सर हा क्लास फेब्रुवारी २०११ मध्ये, पायथन ३.२ सोबत, कालबाह्य ठरवला. नवं नाव फक्त कॉन्फिगपार्सर, बाकी वापर तोच. प्रत्यक्षात तो काढला ३.१२ मध्ये, ऑक्टोबर २०२३ ला. साडेबारा वर्षं सूचना देऊनही त्या दिवशी कितीतरी पॅकेजं बांधली जाईनात, कारण व्हर्जनियर नावाच्या साधनाच्या जुन्या प्रती लोकांनी आपापल्या प्रकल्पांत चिकटवून ठेवल्या होत्या आणि त्यात हेच जुनं नाव होतं. एक नाव बदलायला इतकं लागलं. डम्पची चुकीची ठेवण बदलायला किती लागलं असतं?

शेवटचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. लिहिण्याचा भाग सांभाळायला पायथनच्या मूळ चमूतून कुणीच पुढे आलं नाही. दोन लायब्रऱ्या मेन्टेनरअभावी थंडावलेल्या पाहून झाल्यावर हे कारण मला सगळ्यांत वजनदार वाटतं. लिहिण्याचं दार कायमचं बंद नाही. चांगली रचना सापडली तर पुढच्या पेपमध्ये बघू, असं तिथेच म्हटलंय.

शेजारचं घर पाहिलं तरी हेच दिसतं. रस्ट या भाषेत टॉमल वाचायला एक लायब्ररी आणि असलेली फाइल जपून बदलायला टॉमल-एडिट ही दुसरी. रस्टच्या पॅकेज साधनाची 'कार्गो ॲड' ही आज्ञा दुसरीवर चालते.

किंमत

निर्णय बरोबर होता असं म्हटलं, तरी त्याचं बिल आलंच. डम्प नाही म्हणून लोक लिहायचे थांबत नाहीत, ते स्ट्रिंगा जोडून लिहितात. मीही केलंय: की, बरोबरचं चिन्ह, दुहेरी अवतरणात व्हॅल्यू, झाली टॉमल फाइल. लिनक्सवर वर्षभर चाललं. मग कुणीतरी विंडोजवर फोल्डरचा पत्ता त्यात टाकला. टॉमलच्या दुहेरी अवतरणात उलटी तिरकी रेघ म्हणजे खास संकेताची सुरुवात. 'सी' ड्राइव्हवरच्या 'यूझर्स' फोल्डरचा पत्ता लिहिला की रेघेनंतरच्या मोठ्या 'यू'पुढे वाचणारा आठ आकडी संकेत मागतो, तो मिळत नाही, एरर येते. हे ठीक. पण 'टेम्प' फोल्डर असेल तर रेघ आणि छोटा 'टी' मिळून टॅब होतो, आणि पत्त्याच्या मधोमध टॅब असलेली फाइल बिनतक्रार वाचली जाते. पुन्हा आनंद आणि प्रकाश.

अशा ठिकाणी टॉमली-डब्ल्यू बसवली की काम होतं. टॉमललिबच्या पानावरच तिचं नाव आहे, आणि असलेली फाइल बदलायची तर टॉमलकिट घ्या, हेही तिथेच लिहिलंय. प्रश्न फक्त ज्यांना बाहेरचं काही बसवायची मुभा नाही त्यांचा: बँकांतली कुलूपबंद मशीनं, इंटरनेट नसलेल्या प्रयोगशाळा. त्यांच्यासाठी 'तिसऱ्याची लायब्ररी घ्या' हा सल्ला म्हणजे तहानलेल्याला विहिरीचा नकाशा. साधं, नवीकोरी फाइल लिहिण्यापुरतं डम्प त्यांना मिळायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. पण मग वरची माझी स्क्रिप्ट आठवते. तीही नवीकोरी फाइलच लिहीत होती, फक्त जुन्या फाइलच्या जागी.

वाचण्यापुरतं म्हणाल तर घडी नीट बसली आहे. ३.११ च्या मागची आवृत्ती असेल तर टॉमली, नसेल तर टॉमललिब, अशा चार ओळी आज असंख्य प्रकल्पांच्या माथ्यावर दिसतात. दोन्हींची वागणूक एकच, म्हणून टॉमली त्याच नावाने आत घेतली की खालच्या कोडला फरक कळत नाही.

माझी ती स्क्रिप्ट पुढे आम्ही पायप्रोजेक्ट फाइलवर नेली आणि कॉन्फिगपार्सरच्या जागी टॉमलकिट लावली. गिटमध्ये फरक पाहिला, एक ओळ लाल, एक हिरवी. वरिष्ठांची कॉमेंट मी जुन्या इतिहासातून शोधून हाताने परत टाकली होती, ती जागेवर होती. गंमत म्हणजे तो जुना सर्व्हर तोवर बंद झालेला होता.